नाव लिहिलेली शबीह



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या नववीच्या मुलामुलींना घेऊन मी एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तलवारी, चिलखते, नाणी पाहून झाली आणि आम्ही चित्रांच्या दालनात आलो. तेथे काचेआड पोस्टकार्डाएवढे एक चित्र होते. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा जामा घातलेला एक गृहस्थ उभा होता. त्याच्या कमरेला कट्यार होती, हातात एक फूल होते आणि दाढीचा केस न् केस मोजता येईल इतके ते काम बारीक होते. खाली चिठ्ठी होती : 'एक सरदार. मोगल शैली. सतरावे शतक.' एका मुलीने विचारले, "सर, ह्यांचं नाव काय?" मी म्हणालो, "बेटा, ते कुणालाच ठाऊक नाही." ती म्हणाली, "नाव नाही ठेवलं, तर मग चेहरा कशाला काढला?"

सहल संपली, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच्या मागे लागून मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय आहे माणसांच्या चेहऱ्यांची छोटी छोटी चित्रे जमविण्याचा. हा छंद आज श्रीमंतांचा समजला जातो. परंतु आपल्या देशात त्याची सुरुवात बादशाही दफ्तराचे एक काम म्हणून झाली होती.

अशा व्यक्तिचित्राला फारसीत 'शबीह' म्हणत. शबीह म्हणजे हुबेहूब साम्य. अशी चित्रे आणि सुंदर हस्ताक्षराचे नमुने एकत्र चिकटवून जो ग्रंथ बांधीत, त्याला 'मुरक्का' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ मोठा गोड आहे. ठिगळे लावलेली फकिराची कफनी, म्हणजेच आपल्या आजीची गोधडी! ठिकठिकाणचे तुकडे आणून एका शिवणीत बसवायचे, तो मुरक्का.

अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त नोंदविले आहे की, अकबर बादशहा स्वतः आपली शबीह काढून घेण्यासाठी बसला आणि राज्यातील सर्व अमीर-उमरावांच्या शबीहा काढण्याचा त्याने हुकूम दिला. त्यातून एक प्रचंड ग्रंथ तयार झाला. जे मरण पावले त्यांना त्यामुळे नवे आयुष्य लाभले आणि जे हयात होते त्यांना अमरपणाचे आश्वासन मिळाले, असा त्याचा अभिप्राय आहे. चित्रशाळेचे दारोगे आणि कारकून दर आठवड्याला प्रत्येक चित्रकाराचे काम बादशहापुढे मांडीत आणि कामाप्रमाणे बक्षीस किंवा पगारवाढ मिळे. या चित्रशाळेत हुमायूनने आणलेले मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे इराणी उस्ताद होते. पण अबुल फज्लने ज्यांची नावे दिली आहेत, त्यांत हिंदू चित्रकार अधिक आहेत. त्यांपैकी दसवंत हा तर पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढताना तो बादशहाच्या नजरेस पडला आणि त्याचे नशीब उघडले.

येथे आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी विचारतील की, चेहऱ्याचे चित्र काढणे धर्माला धरून आहे काय? हा प्रश्न अकबराच्या दरबारातही होता. त्यावर बादशहाने म्हटले होते की, चित्रकार एकेक अवयव रेखाटतो, पण त्यात प्राण घालणे आपल्या हाती नाही हे त्याला क्षणोक्षणी जाणवते, आणि म्हणून त्याला ईश्वराची ओळख पटण्याची एक वेगळीच वाट मिळते. हे उत्तर सर्वांना पटले असे नाही, आजही पटणार नाही. मी मौलवी नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. त्यामुळे घडले ते सांगतो आणि पुढे जातो.

जहांगीर बादशहाच्या काळात (१६०५ ते १६२७) ही कला शिखरावर पोहोचली. जहांगीर हा खऱ्या अर्थाने संग्राहक होता. आपल्या आठवणींत त्याने मोठ्या अभिमानाने लिहिले आहे की, एकाच चित्रात अनेक उस्तादांनी वेगवेगळे चेहरे काढले असले, तरी कोणता चेहरा कोणाच्या हातचा हे मी ओळखतो, आणि एखाद्याच चेहऱ्यात डोळा-भुवई दुसऱ्याने काढली असेल तर तेही सांगतो. थोडी बढाई असेल. पण ही बढाई पोकळ नव्हती. त्या काळी एका चित्रावर खरोखरच अनेक हात चालत. आराखडा एकाचा, रंगकाम दुसऱ्याचे आणि चेहरे तिसऱ्याचे. अकबरी ग्रंथांच्या समासात कारकुनांनी तांबड्या शाईने अशा नोंदी केलेल्या आढळतात. चेहरा काढणे ही वेगळी विद्या समजत.

ही विद्या कशी चाले तेही पाहा. पातळ कागदाचे अनेक थर खळीने एकावर एक चिकटवून जाड 'वसली' तयार करीत आणि ती गुळगुळीत दगडाने घोटून काढीत. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. माणूस समोर असताना प्रथम चेहऱ्याचे रेखाटन होई. ते जपून ठेवीत, कारण त्याच उमरावाला पुढे एखाद्या दरबाराच्या चित्रात बसवायचे तर त्याला पुन्हा बोलावणार कोण? मग हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर रेखाटन उतरवून घ्यायचे, रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची आणि कोळशाच्या भुकटीने आकृती नव्या कागदावर उठवायची. या साधनाला 'चरबा' म्हणत. म्हणून एकाच सरदाराचा चेहरा अगदी त्याच रेषेत तीन-चार चित्रांत दिसतो. आपल्या आधारकार्डाचा फोटो जसा ठिकठिकाणी लागतो, तसेच म्हणा ना!

इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१६ साली अजमेरला जहांगीरच्या दरबारात होता. त्याच्याजवळ एका स्त्रीचे इंग्रजी पद्धतीचे छोटेसे चित्र होते, आणि हिंदुस्थानात असे काम कोणाला जमणार नाही अशी त्याची खात्री होती. जहांगीरने ते ठेवून घेतले. काही दिवसांनी रात्री रोला बोलावून सहा चित्रे त्याच्यापुढे मांडली. एक त्याचे, पाच दरबारातील चित्रकाराने केलेल्या नकला. मेणबत्तीच्या उजेडात आपले चित्र ओळखताना रोची चांगलीच तारांबळ उडाली. शेवटी त्याने ते ओळखले, पण ओळखण्यास अडचण पडली हे त्याने आपल्या रोजनिशीत प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. बादशहाला जो आनंद झाला, तो एखाद्या शाळकरी पोराला शोभावा असा होता. यातील एक नक्कल इंग्लंडात नेऊन दाखव, असे त्याने रोला सांगितले.

पण मला जहांगीरच्या दोन गोष्टी याहून मोठ्या वाटतात. १६१३ साली इराणच्या शाह अब्बासकडे त्याने खानआलम नावाचा वकील पाठविला, तेव्हा सोबत बिशनदास हा चित्रकार दिला. शबीह काढण्यात बिशनदासचा हात धरणारा कोणी नव्हता. कित्येक वर्षांनी, १६२० साली, ही मंडळी परतली. बिशनदासने आणलेली शाहची शबीह जहांगीरने शाहला प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांना दाखवली. त्यांनी ती बरोबर असल्याची साक्ष दिली, तेव्हा बिशनदासला हत्ती बक्षीस मिळाला. लक्षात घ्या, चित्र सुंदर आहे काय असा प्रश्न नव्हता. हाच तो माणूस काय, असा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट इनायतखानाची. हा बादशहाचा निकटचा सेवक अफू आणि दारू यांच्या पायी हाडांचा सापळा झाला होता. १६१८ साली आग्र्यास जाण्याची रजा मागण्यासाठी त्याला पालखीत घालून आणले. त्याला पाहून जहांगीर थक्क झाला. त्याने चित्रकारांना बोलावून त्याची शबीह काढविली आणि वाटखर्चाला पैसे देऊन त्याला निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी इनायतखान मरण पावला. त्याचे रेखाटन आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. लोडांना टेकून बसलेला, छातीच्या बरगड्या उघड्या पडलेला तो माणूस पाहताना आजही अंगावर काटा येतो. यात दया किती आणि निव्वळ कुतूहल किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. मला व्यक्तिशः ते क्रूर वाटते. पण व्यसनमुक्तीवर भाषण देण्याऐवजी मी वर्गात ते चित्र दाखवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जहांगीर आणि शाहजहान हे दोघेही आपल्या संग्रहातील चित्रांवर स्वतःच्या हाताने लिहीत. ही शबीह अमक्याची, काम अमक्या चित्रकाराचे, एवढाच मजकूर. अक्षरही काही वेळा घाईचे. हिंदुस्थानचा बादशहा, ज्याच्या दाराशी शेकडो कारकून उभे, तो नाव लिहिण्याचे काम दुसऱ्यावर सोपवीत नव्हता. 'पादशाहनामा'च्या चित्रांत तर दरबारात उभ्या असलेल्या काही माणसांच्या कपड्यांवर, गळपट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांची नावे लिहिलेली आहेत. त्या अक्षरांमुळेच आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपण त्या गर्दीतल्या माणसांना हाक मारू शकतो.

आपल्या दख्खनशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या पूर्वीच्या औरंगाबादचा, म्हणजे मूळच्या खडकीचा पाया घालणारा मलिक अंबर घ्या. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने मोगलांना जन्मभर झुंजविले. त्याचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो दख्खनी आणि मोगल चित्रकारांमुळे. दख्खनची माहिती असलेल्या हाशिम या चित्रकाराने काढलेली त्याची एक शबीह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रुंद अंगाचा, साध्या पांढऱ्या पोशाखातील, काळा, करारी माणूस. जहांगीरने मलिक अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत असेही एक चित्र काढवून घेतले होते. प्रत्यक्षात ते मुंडके कधीच त्याच्या हाती लागले नाही आणि अंबर १६२६ साली वृद्धापकाळाने वारला. तरीही शत्रूचा खरा चेहरा मोगलांच्या मुरक्क्यात नावासह जपला गेला.

छत्रपती शिवाजी महाराजांचेही असेच आहे. निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशाने मोगल दरबारातील मीर मुहम्मद या चित्रकाराकडून १६८६ पूर्वी राजांची व सरदारांची चित्रे काढवून घेतली. त्यांत महाराजांचे घोड्यावरील चित्र आहे आणि तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच सुमारास गोवळकोंड्यात तयार झालेला ४९ चित्रांचा एक संच डच गृहस्थ निकोलास विट्सेन याच्याकडे गेला. तो ॲमस्टरडॅमला आहे आणि त्यातही महाराजांची शबीह आहे. आणि नावाची चूक झाली म्हणजे काय होते तेही येथेच पाहावयास मिळते. मनुचीच्या ग्रंथातील इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र एके काळी महाराजांचे म्हणून घरोघर प्रचलित झाले होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रांच्या आधारे डच परंपरेतील महाराजांचे चित्र पुढे आणले, तेव्हा कोठे चूक उमगली.

काही नावे चुकतात, काही मात्र मुद्दाम पुसली जातात. शाहजादा दारा शुकोहने १६४० नंतरच्या दशकात एक सुंदर मुरक्का आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला भेट दिला आणि त्यावर स्वतःच्या हाताने तसे लिहिले. १६५९ साली दाराचा वध झाला. पुढे कोणीतरी त्या ओळींवर सोनेरी रंग फासून नाव झाकण्याचा प्रयत्न केला. तो पुरता साधला नाही. मुरक्का ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि दाराचा लेख वाचता आला आहे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाच्या स्तुतीचे एक सचित्र फारसी काव्य आहे. त्यात त्याची बेगम खुंझा हुमायून त्याच्या शेजारी सिंहासनावर बसलेली होती. 'होती' म्हणतो, कारण बहुतेक चित्रांतून तिची आकृती मागाहून नाहीशी करण्यात आली आहे. पतीनंतर ती कारभार पाहत होती आणि १५६९ च्या सुमारास मुलानेच तिला कैद केले. बहुधा त्या वेळचाच हा प्रकार असावा. ही बाई चांदबिबीची आई. पुण्याला जाल तेव्हा मंडळाच्या इमारतीसमोरून जाताना तिची आठवण ठेवा.

बादशाही खिळखिळी झाली आणि मुरक्क्यांच्या शिवणी उसवल्या. १७३९ साली नादिरशाहाने दिल्ली लुटली. जहांगीरचा सर्वात मोठा मुरक्का तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. तो त्याच लुटीतून गेला असे मानतात. अवधच्या नवाबाने 'पादशाहनामा' १७९९ साली इंग्लंडच्या राजाला नजर केला. कंपनीचे साहेब लोक लखनौ, हैदराबाद येथे चित्रे विकत घेऊ लागले. त्यांपैकी रिचर्ड जॉन्सन याने हजाराच्या वर चित्रे जमविली आणि १८०७ साली ती कंपनीच्या ग्रंथालयास विकली. त्याने संग्रह एकत्र ठेवला, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

सर्वांनीच तसे केले नाही. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने एका खोलीच्या भिंतींसाठी मोगल चित्रे चक्क कातरली! कुणाचा घोडा, कुणाचे झाड, कुणाचा दरबार असे तुकडे जोडून नव्या चौकटीत बसविले. उलट, तिच्या शंभर वर्षे आधी हॉलंडचा महान चित्रकार रेम्ब्रांट याने अशीच मोगल चित्रे समोर ठेवून जपानी कागदावर शाहजहानाच्या आणि इतरांच्या वीस-पंचवीस नकला केल्या. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, त्याला फारसी येत नव्हती आणि १६५६ साली त्याचे दिवाळेही निघाले. तरी एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचे काम किती अदबीने पाहावे, याचा तो नमुना आहे.

विसाव्या शतकात लिलावांचा बाजार आला. मलिक अंबरची शबीह ज्यात होती, तो मुरक्का १९२५ साली लंडनमध्ये विकला गेला आणि त्याची पाने लंडन व डब्लिन येथील दोन संग्रहांत विभागली गेली. १९२९ साली स्कॉटलंडमधील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात कोणाला तरी एक चित्रांचे पुस्तक शंभर पौंडांहून कमी किमतीत मिळाले. ते शाहजहानाच्या मुरक्क्याचे निघाले! त्याच वर्षी लिलावात ते हजारो पौंडांना गेले. त्याची ५० पाने आज न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या दोन शहरांत आहेत. गंमत अशी की, त्यांतील काही पाने शाहजहानाच्या काळची नसून एकोणिसाव्या शतकातील नकला आहेत. कोणीतरी अस्सल पानांत त्या मिसळून दिल्या होत्या. तेव्हा जुने दिसते ते जुनेच असेल असे नाही, हे बाजारात फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडेही काहींनी डोळसपणे जमविले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली मिळाला आणि पुढे सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह आले. हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय १९५१ साली उघडले. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी चित्रे खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत, आणि अशी लघुचित्रे व सचित्र हस्तलिखिते ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती सरकारदरबारी नोंदवावयाची असतात. नोंदविली म्हणून सरकार ती उचलून नेत नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण याच भीतीने माझ्या माहितीतील एका कुटुंबाने, गाव सांगत नाही, आजोबांच्या पेटीतील चित्रे असलेली एक फारसी पोथी घाईघाईने एका फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. तिच्यात काय होते, हे आता त्या घरात कोणालाही सांगता येत नाही. पाने सुटी करून विकली गेली असतील, तर ती कोठे तरी काचेआड 'एक सरदार' म्हणून लटकत असतील.

दुसऱ्याच्या घराला नावे कशाला ठेवू? सहलीहून परतल्यावर मी आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली. मोगल चित्रे आमच्याकडे कोठली असणार! पण जुने फोटो होते, बावीस. त्यांतील सहा जणांना मी ओळखले. अब्बांनी आणखी पाच सांगितले. उरलेले घेऊन दादीकडे गेलो. दादी आता नव्वदीच्या घरात आहे, तिला दिसते कमी. ती एकेक फोटो डोळ्यांजवळ धरी, खिडकीकडे वळवी आणि म्हणे, "हे तुझ्या आजोबांचे मामू, रेल्वेत होते. ही माझी खाला, बाळंतपणात गेली बिचारी." मी पेन्सिलीने मागे लिहीत गेलो. ऐंशी वर्षांत त्या खालेचे नाव आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. तिचे नाव हलीमा होते.

एक फोटो राहिला. तुर्की टोपी घातलेला, विशीतला एक तरुण, हात खुर्चीच्या पाठीवर. दादीने तो बराच वेळ पाहिला. "हा आपल्या लग्नाला आला होता. फार हसवायचा. नाव काय रे त्याचं…" म्हणून ती थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, तेव्हाही तिला आठवले नाही. मी फोटोच्या मागे तारीख घालून तेवढेच लिहून ठेवले आहे : 'दादीच्या लग्नाला आले होते. फार हसवायचे.'